मधल्या खोलीतल्या चार मोटारी

३ फेब्रुवारी, मंगळवार

अप्पांनी आज चहा पिता पिता जाहीर केलं की त्यांना एक यंत्र करायचंय. कसलं म्हणून विचारलं तर मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. व्हिडिओत कुणी एक गृहस्थ गॅरेजमध्ये हाताची घडी घालून उभे आहेत, आणि त्यांच्यासमोर एक चौकट आपली आपणच इकडून तिकडे सरकत लाकूड कोरतेय. कॉम्प्युटर सांगतो, मोटारी हलतात, कटर कापत जातो.

"मोतीबिंदू काढला, पण बारीक रेघ काही नीट दिसत नाही," अप्पा म्हणाले. "पटाशी धरली की रेघेबाहेर जाते. ह्याला डोळे लागत नाहीत बघ."

अप्पांचं सगळं आयुष्य फाउंड्रीत पॅटर्न बनवण्यात गेलं. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा उठवायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. निवृत्त झाल्यावरही ओळखीचा एक फाउंड्रीवाला त्यांना अधूनमधून काम द्यायचा. डोळ्यांनी दगा दिल्यापासून तेही बंद.

मी बघू म्हटलं. खरं तर मी इथून निघायच्या विचारात आहे. घटस्फोटाचे कागद होऊनही बराच काळ लोटला. अप्पांच्या मुलाने घर सोडलं, मी राहिले. आधी अप्पांचा उजवा डोळा होता, मग डावा. थेंब घालायला कुणीतरी हवं होतं. आता दोन्ही डोळे झाले. इथे राहायला मला कारण उरलेलं नाही. पण जायच्या आधी म्हाताऱ्या माणसाच्या मागे काही उद्योग लावून द्यावा हे बरं. सांगाडा ते करतील, वायरिंग मी करीन. दिवसभर कंपनीत लिफ्टच्या कंट्रोलच्या सर्किट-पाट्याच दुरुस्त करते, तेव्हा हे काही अवघड नाही. महिनाभरात उरकेल.

८ फेब्रुवारी, रविवार

यंत्र कुठे ठेवायचं यावरून जरा बोलणं झालं. मी गॅलरी म्हणत होते. अप्पा म्हणाले, मधली खोली. ती अप्पांच्या मुलाची अभ्यासाची खोली, पुढे आमची, आता कुणाचीच नाही. तिथे सागवानी टेबल होतं, भक्कम. काल संध्याकाळी मी कामावरून येते तर अप्पांनी टेबलाचे पाय कापून ठेवलेले. म्हणे, यंत्राच्या पायाला असंच मुरलेलं लाकूड हवं. चांगलं टेबल होतं. लाकडाची किंमत त्यांच्याइतकी कुणाला कळत असेल असं वाटत नाही, तरी कसं कापवलं कोण जाणे.

रात्री जेवताना त्यांना स्टेपर मोटार समजावून सांगितली. ही मोटार पंख्यासारखी गरगर फिरत नाही. एकेक पाऊल टाकते. पाऊल टाक म्हटलं की टाकते, नाही म्हटलं की जागच्या जागी घट्ट उभी राहते. पण कॉम्प्युटरच्या अंगात तिला हलवायची ताकद नसते. म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. कॉम्प्युटर नुसती खूण करतो, ड्रायव्हर मोटारीला करंट देतो.

"म्हणजे कॉम्प्युटर हा कंडक्टर," अप्पा म्हणाले. "तो घंटी मारणार, गाडी ड्रायव्हर हाकणार."

"अगदी तसंच. एक घंटी, एक पाऊल."

"आणि मागे जायचं असेल तर?"

"त्याची वेगळी वायर. पुढे की मागे, एवढंच सांगते ती."

त्यांना फार पटलं. भात वाढून घेतला पुन्हा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सांगाड्याचं माप अप्पांनी मला न विचारता ठरवलं. मी टेप लावून पाहिला आणि म्हटलं, "अप्पा, हे दारातून निघणार नाही."

"निघायचंय कुणाला?" ते म्हणाले आणि रंधा मारत राहिले.

कधी कधी फार हट्टीपणा करतात. उद्या घर रंगवायचं म्हटलं तरी हे धूड हलणार नाही. बोलायचं होतं, पण त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की राहू दिलं.

मोटारी चार घेतल्या. दोन पुलाच्या, म्हणजे टेबलावरून सरकणाऱ्या चौकटीच्या, दोन बाजूंना, एक पुलावरून आडवं जायला, एक कटर वरखाली करायला. त्यांच्याबरोबर छोट्या ड्रायव्हर पाट्या आणल्या. हल्ली शिकाऊ लोक वापरतात त्या. बिस्किटाच्या तुकड्याएवढी पाटी, वर उष्णता बाहेर टाकणारा इवलासा हीटसिंक आणि करंट कमीजास्त करायला मुगाएवढा स्क्रू. करंट कमी पडला तर मोटार दमते आणि पावलं गाळते. जास्त झाला तर तापते. मीटर लावून चारही सारख्या केल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एक पाटी गेली. मी स्वयंपाकघरात होते. अप्पांना वाटलं मोटारीची वायर उलटी लागलीय, म्हणून त्यांनी पॉवर चालू असतानाच ती उपसली. चालू ड्रायव्हरवरून मोटार काढायची नाही हे मी त्यांना सांगायला विसरले होते. मोटारीच्या तारेच्या गुंडाळीतला करंट असा अचानक तोडला की तो उसळून ड्रायव्हरवरच येतो.

"काहीतरी वास येतोय बघ," म्हणून हाक मारली त्यांनी. मी गेले तर पाटीवर बारीकसं भोक पडलेलं. अप्पा लहान मुलासारखे हात मागे घेऊन उभे.

"मेली का?"

"मेली. जाऊ द्या, चिमुकली होती."

त्यांना हसू आवरेना. मलाही. या घरात इतकं हसून बराच काळ झाला असावा, कारण शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

२२ फेब्रुवारी, रविवार

उरलेल्या तीन पाट्यांवर एकेक मोटार फिरवून पाहिली. हळू चालते, वेग वाढवला की गुरगुरते आणि थबकते. अप्पांचा सांगाडा जड आहे. कापलेल्या सागवानाला ओढायला या पाट्यांमध्ये दम नाही. जास्त व्होल्टेज हवं, जास्त करंट हवा. व्होल्टेज जास्त असलं की वेगातही गुंडाळीत करंट लवकर भरतो.

सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळा बाजार फ्यूज म्हणतो, कारण तो लगेच उडतो. त्याने काउंटरवर तयार ड्रायव्हर ठेवले. काळे ॲल्युमिनियमचे डबे, बाजूला स्विच, वर तक्ता छापलेला. वायरी लावायच्या आणि सुरू करायचं. चार होते त्याच्याकडे.

मी म्हटलं, मला आतली चिप सुटी द्या, पाटी मी करीन.

"बाई, मिळतं ते घ्या की! आज नेलं तर उद्या यंत्र पळेल. कशाला जिवाला घोर?"

मी म्हटलं, तयार डब्यात आत काय घातलंय कळत नाही. बिघडला तर फेकावा लागतो. स्वतः केलेला दुरुस्त करता येतो. शिवाय मोटारीची वीज कॉम्प्युटरपासून अलग ठेवणारं आयसोलेशन मला माझ्या पद्धतीने हवंय.

"घाई नाही वाटतं तुम्हाला," फ्यूज म्हणाला आणि चिपा मोजायला लागला.

घाई आहेच की. पण काम करायचं तर नीट करावं.

१ मार्च, रविवार

पाटीचा नकाशा तयार झाला. तांब्याचे रस्ते रुंद ठेवलेत, करंट मोठा आहे म्हणून. वीज साठवणारा मोठा कपॅसिटर ड्रायव्हरच्या अगदी जवळ बसवलाय. कॉम्प्युटरकडून येणाऱ्या वायरी थेट जोडल्या नाहीत, मध्ये ऑप्टो घातले. ऑप्टो म्हणजे एक बारकी काळी चीज. एका बाजूला दिवा पेटतो, दुसरी बाजू तो बघते. मध्ये वायर नाही, नुसता उजेड. मोटारीकडे काही भडका उडालाच तर कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. पावलांच्या वायरीला वेगवान ऑप्टो लावला, कारण घंट्या भराभर येतात. दिशेच्या वायरीला घरात पडलेला साधा लावला. दिशा काय, कधीतरी बदलते.

दुपारी एक खोली बघून आले. कंपनीपासून जवळ, वरचा मजला. खिडकीखाली ओटा, मोरी आत. एका भिंतीला लांब बाक बसेल, दुसऱ्या भिंतीला पलंग. बाक जरा मोठा केला तर पलंग बसणार नाही. मालकाला कळवते म्हटलं. अप्पांना सांगितलं की मैत्रिणीकडे गेले होते.

"कशी आहे मैत्रीण?"

"बरी आहे."

"उजेड आहे का तिच्याकडे?"

मी म्हटलं, आहे. अप्पा काहीही विचारतात हल्ली.

७ मार्च, शनिवार

चार पाट्या डाग देऊन झाल्या. पहिलीला दोन संध्याकाळी लागल्या, बाकीच्या भराभर. पहिल्यांदा चालू करताना मालिकेत बल्ब लावला, म्हणजे काही चुकलं तर बल्ब पेटेल, चिप वाचेल. अप्पा दारात उभे होते, डोळ्यांवर हात ठेवून. बल्ब पेटला नाही. मोटार घट्ट उभी राहिली. अप्पांनी दोन बोटांनी आस फिरवून पाहिला, हलला नाही.

"पकड आहे हिची," ते म्हणाले.

मग वेग वाढवत नेला. गुरगुर नाही. सारखा, गोड आवाज, शिलाई मशीन चालावी तसा. मला फार बरं वाटलं. ऑफिसातली पाटी चालू होते तेव्हा मालक नुसतं "झाली का?" विचारतात.

यंत्र आता होण्यासारखं आहे, असं अप्पांना म्हटलं. तर म्हणाले, "पण गोल वस्तूचं काय? खांबासारखं काही कोरायचं तर लाकूडही फिरायला हवं. पाचवी मोटार लागेल."

"ती नंतर बघू."

"नंतर कशाला? आत्ताच पाटी करून टाक ना. हात बसलाय तुझा."

आहे त्यात समाधान नाही त्यांना. पाचवी पाटी करायला घेतली.

१५ मार्च, रविवार

फाउंड्रीवाला येऊन गेला. यंत्र बघून त्याने दोनदा प्रदक्षिणा घातली. पंपाच्या आतल्या चाकाचा पॅटर्न करून दाखवा म्हणाला. वाकडी पाती असलेलं चाक. जमलं तर त्याच्याकडे रांगेत बरीच कामं आहेत. पॅटर्न करणारे आता मिळत नाहीत. नाइलाजाने तो लांबच्या कारखान्याला काम देतो आणि वाट बघत बसतो.

अप्पा ताठ झाले. पाच वर्षांनी लहान दिसायला लागले म्हणू का? दाढीही केली होती त्यांनी, हे मला तो गेल्यावर लक्षात आलं.

२१ मार्च, शनिवार

चाक वाया गेलं. पहिली पाती सुबक आली. पुढची किंचित डावीकडे. शेवटचं पातं तर शेजारच्यात घुसलं. अप्पांनी गुण्या लावला, मग बोट फिरवलं, मग चाक उलटं करून ठेवलं.

मी म्हटलं, "माझा ड्रायव्हर पावलं गाळतोय. करंट वाढवून बघते."

"छे! माझा आडवा स्क्रू, कटर सरकवणारा, सैल असणार. नट घासला गेलाय."

"नट नवाच आहे अप्पा."

"माझाच दोष आहे, मला माहितेय."

करंट वाढवला. मोटारी तापल्या, चाक पुन्हा डावीकडेच गेलं.

२५ मार्च, बुधवार

सकाळी मला जाग आली ती मधल्या खोलीतल्या आवाजाने. अप्पा आडवा स्क्रू खोलून बसले होते. नट त्यांनी पुन्हा केला होता, लाकडाचा, तेलात भिजवलेला; आधीचे दोन बाजूला पडलेले. मी दारात आहे हे त्यांना कळलं नाही. स्वतःशीच बोलत होते, "गेलं तुझं, अप्पा. हात गेला तुझा."

मी परत येऊन पडले. मला माहीत आहे की दोष त्यांचा नाही. पण माझा आहे हे सिद्ध केल्याशिवाय ते ऐकणार नाहीत.

२९ मार्च, रविवार

सापडलं.

सकाळी आडवी मोटार स्क्रूपासून सोडवून टेबलावर ठेवली. आसाला कागदाचा झेंडा चिकटवला, खाली रेघ मारली. आता अप्पांचं काहीच तिला जोडलेलं नव्हतं, ना नट, ना स्क्रू, ना लाकूड. मग कॉम्प्युटरला सांगितलं, पुढे जा, मागे ये, पुढे जा, मागे ये. प्रत्येक वेळी झेंडा रेघेवर यायला हवा. थोड्या वेळाने पाहिलं तर झेंडा रेघ सोडून सरकलेला. सरळ एकाच दिशेने फिरवली तर काही चुकत नाही. वळली की चुकते. जितकी वळणं, तितकी चूक. म्हणून साध्या चौकोनात कळलं नाही आणि वाकड्या पात्यांत कळलं.

अप्पांना बोलावलं. "हे बघा. तुमचा सांगाडा इथे नाहीच. तरी चुकतंय."

ते खुर्ची ओढून बसले. "मग?"

"कंडक्टर म्हणतो, मागे घे, आणि लगेच घंटी मारतो. मी दिशेच्या वायरीला सुस्त ऑप्टो लावला. त्याला दिवा पेटलेला झटकन कळतो, विझलेला उशिरा. म्हणजे एका बाजूला वळताना ड्रायव्हरला वेळेवर कळतं. दुसऱ्या बाजूला वळताना घंटी वाजते तेव्हा त्याने गिअर बदललेलाच नसतो. पहिलं पाऊल तो जुन्याच दिशेला टाकतो."

"एकच पाऊल?"

"एकच. पण दर वेळी, त्याच बाजूला. साचत जातं."

अप्पांनी बोटाने झेंडा रेघेवर परत आणला. मग म्हणाले, "म्हणजे निघायचं कळलं, पण वळल्याचं उशिरा कळलं. होतं माणसांचंही."

मी म्हटलं, माणसांचं काय ते मला माहीत नाही, ऑप्टोचं नक्की होतं. आणि त्यांना सांगितलं की नट तीनदा करायची काही गरज नव्हती. तर म्हणाले, "तुला कसं माहीत तीनदा?"

मी विषय बदलला. उद्या दिशेलाही वेगवान ऑप्टो लावते.

४ एप्रिल, शनिवार

चाक झालं. सगळी पाती सारखी. अप्पांनी डोळे मिटून प्रत्येक पात्यावरून अंगठा फिरवला, मग वळून माझ्याकडे बघितलं आणि फक्त मान हलवली. फाउंड्रीवाल्याने चाक उलटंसुलटं करून पाहिलं आणि पिशवीतून पुढच्या कामाचं रेखाचित्र काढलं. आणलंच होतं त्याने.

संध्याकाळी खोलीच्या मालकाला फोन केला, पुढच्या महिन्यापासून घेते म्हणून. काम झालं. अप्पांना उद्योग लागला. आता पाचवी मोटार तेवढी राहिली, ती जाऊन-येऊन करता येईल.

अप्पांना सांगायचं राहिलं. उद्या सांगेन.

११ एप्रिल, शनिवार

मी सांगायच्या आधीच अप्पांचा मुलगा आला. बारीक झालाय. चहा मी केला, साखर विचारली नाही, हाताला आठवत होती. तो सरळ मुद्द्यावर आला. घर बापलेकाच्या दोघांच्या नावावर आहे. ते विकावं असं त्याच्या मनात आहे. तो राहतो तिकडे त्याला मोठी जागा घ्यायचीय. अप्पांना त्यांची वेगळी खोली मिळेल, खाली बाग आहे, डॉक्टर इमारतीतच आहे. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझीही काही व्यवस्था होईपर्यंत थांबू आपण. घाई नाही."

वाईट बोलला नाही काही. त्याच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, माझी व्यवस्था झालीय, मी खोली घेतलीय.

अप्पा हे माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं रागावतील. पण उठले आणि मधल्या खोलीत गेले. यंत्र चालू झाल्याचा आवाज आला. बाहेर आम्ही दोघं बसून होतो. तो म्हणाला, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, आडवी मोटार. तो म्हणाला, "तसं नाही."

जाताना त्याने मधल्या खोलीत डोकावलं. "माझं टेबल कुठाय, अप्पा?"

"कामाला लागलंय," अप्पा म्हणाले.

१२ एप्रिल, रविवार

अप्पा सकाळीच बाहेर पडले. चष्मा, टोपी, खिशात टेप. दुपारी आले ते घामाघूम. पाणी पिऊन म्हणाले, "बघून आलो तुझी खोली."

पत्ता त्यांना कसा कळला विचारलं. म्हणाले, फोनवर बोलतेस तेव्हा भिंती बहिऱ्या नसतात.

"तिथे यंत्र मावत नाही," अप्पा म्हणाले. "जिना अरुंद आहे. वर बाक घालशील तर झोपशील कुठे?"

"यंत्र तुमचं आहे अप्पा. ते तुमच्याबरोबर जाईल."

"त्याच्या बागेत? तिथे भुसा उडाला तर सोसायटी येईल दारात. आणि ड्रायव्हर बिघडला तर कुणाला बोलावू? फ्यूजला?"

"मी येईन ना."

"येशील. एकदा येशील, दोनदा येशील." त्यांनी टोपी काढून ठेवली. "तळमजला बघू. मोठ्या दाराचा. मी येतो तुझ्याबरोबर."

मी म्हटलं, "अप्पा, हे बरं दिसत नाही. तुमचा मुलगा आहे. मी आता तुमची कोण?"

"कोणी नाहीस तर अप्पा कशाला म्हणतेस? नावाने हाक मार."

अशा माणसाशी काय बोलायचं? मी भांडी घासायला गेले. ती घासलेलीच होती.

१९ एप्रिल, रविवार

अप्पांनी मुलाला फोन करून सांगितलं. मी समोरच होते, स्पीकर चालू होता, त्यांना तो बंद करता येत नाही.

"घर वीक. सही देतो. माझ्या वाट्याचं तुझ्याकडे ठेव म्हणून सांगत नाही, ते मला लागेल. मी सूनबाईबरोबर जातोय."

तिकडून दार लावल्याचा आवाज आला. मग, "अप्पा, लोक काय म्हणतील? बायको गेली, बापही गेला?"

"लोकांना सांग, बाप यंत्राबरोबर गेला. खरंच आहे ते."

"मी तुम्हाला नको आहे असं नाही ना?"

इथे अप्पांचा आवाज बदलला. "तू माझा मुलगा आहेस रे. दर रविवारी ये. तुझ्या टेबलावरच जेवू घालीन."

फोन ठेवल्यावर त्यांनी डोळ्यांत थेंब घातले. थेंब केव्हाच बंद झालेत खरं तर.

मला त्यांचं आश्चर्य वाटतं. लाकडाचा सांगाडा आणि चार मोटारी, आणि त्यांच्यासाठी माणूस बाग, डॉक्टर सोडायला तयार होतो. यंत्राचा एवढा लळा लागेल असं वाटलं असतं तर मी सुरुवातीलाच लहान करायला लावलं असतं.

वरच्या खोलीच्या मालकाला नको म्हणून कळवलं. त्याने फारशी हळहळ केली नाही. मीही नाही.

२ मे, शनिवार

घर बघायला एक जोडपं येऊन गेलं. बाईंनी मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि विचारलं, "हे बाहेर कसं काढणार?" अप्पा म्हणाले, "ज्याने आत केलं तो बाहेर काढील."

ते गेल्यावर त्यांनी करवत घेतली. मी पाचही ड्रायव्हर सोडवून, प्रत्येक वायरीला खूण बांधून डब्यात भरले, पॉवर बंद करून, कपॅसिटर रिकामे करून. मग त्यांनी पुलाच्या बरोबर मधोमध करवत टेकवली. मला वाटलं कचरतील. कचरले नाहीत. सरळ कापलं आणि दोन्ही तोंडांना लोखंडी पट्ट्या बसवल्या, बोल्टने जुळतील अशा.

"रेघ सरळ आली," मी म्हटलं.

"डोळ्यांनी नाही बघितली," अप्पा म्हणाले. "तू समोर उभी होतीस, तुझ्याकडे बघून कापलं."

१० मे, रविवार

नवी जागा नक्की केली. तळमजला, आधी तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे शटर, आत एक मोठी खोली, मागे दोन लहान आणि स्वयंपाकघर. फरशीला ग्रीसचे डाग आहेत. अप्पांना डाग आवडले. एका टोकाला उभे राहून त्यांनी जमिनीला ठोकून पाहिलं, पोकळ नाही ना म्हणून.

मालकीणबाई वर राहतात. स्वच्छ बोलणाऱ्या आहेत. विचारलं, "हे वडील का?"

"नाही. सासरे."

"आणि मिस्टर?"

"आम्ही वेगळे झालो."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग अप्पांकडे. "मग हे सासरे कसे?"

मी ऑफिसात अवघड पाट्या समजावते, पण हे एक वाक्य जुळवता येईना. अप्पा शटरची रुंदी मोजत होते. टेप गुंडाळत म्हणाले, "मी लाकूड बघतो, ही वायरी बघते."

"म्हणजे भागीदार आहात?"

"भागीदार नव्हे. भागीदारी मोडते." अप्पांनी टेप खिशात टाकला. "कुणी विचारलं तर सांगा, घरातली माणसं आहेत."

बाईंनी बरं म्हटलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. अप्पा बाक कुठे येईल, यंत्र कुठे येईल हे पावलांनी मोजायला लागले. मी म्हटलं, लाइटचा मीटर कुठे आहे ते बघून येते, आणि बाहेर रस्त्यावर जाऊन थोडा वेळ उभी राहिले. मीटर आतच होता, शटरच्या शेजारी. आल्या आल्याच पाहिला होता मी.